डिलीट-बाय-क्वेरीने डिस्क रिकामी होत नाही, हो!

खवट अ‍ॅडमिन: 'इलॅस्टिकसर्चची (लॉग साठवून त्यात शोधणाऱ्या सॉफ्टवेअरची) डिस्क भरायला लागली की रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) डिलीट-बाय-क्वेरी (अटीत बसणाऱ्या नोंदी पुसणारी आज्ञा) लावा, ३० दिवसांपूर्वीचं सगळं साफ' हा सल्ला वाचून राहवलं नाही. त्या क्वेरीने डॉक्युमेंटवर (एकेका नोंदीवर) नुसती 'डिलीट' अशी खूण बसते. जागा सुटते ती सेगमेंट (डिस्कवरचे डेटाचे तुकडे) मर्ज, म्हणजे एकत्र, झाल्यावर. ५ जीबीच्या आसपास पोचलेला सेगमेंट तर त्यातलं बरंच काही मोडीत निघाल्याशिवाय मर्जला जातच नाही. वर नवा सेगमेंट लिहून होईपर्यंत जुनाही डिस्कवर असतो, म्हणजे वापर आधी वाढतो. डिस्क ९५ टक्के भरली की इंडेक्सवर (डॉक्युमेंटांच्या गठ्ठ्यावर) रीड-ओन्ली-अलाउ-डिलीट ब्लॉक लागतो. त्यात अख्खा इंडेक्स उडवता येतो, सुटी डॉक्युमेंटं नाही. ऐन वेळी तुमचा क्रॉन तोंडावर आपटणार! आयएलएम (वयानुसार इंडेक्स आपोआप काढणारी सोय) लावा आणि जुना इंडेक्सच काढा.

एकटा नोड: आयएलएमची आरती पुरे. रोलओव्हर (चालू इंडेक्स थांबवून नवा सुरू करणं) ३० दिवसांवर आणि डिलीटही ३० वर ठेवला की लोकांना वाटतं महिन्याचाच डेटा राहील. डिलीटचं वय रोलओव्हरपासून मोजलं जातं, त्यामुळे सर्वांत जुनी ओळ ६० दिवस पडून राहते. शिवाय ते वय बघतं, डिस्क नाही. एका सर्व्हिसने रात्रीत एररचा पूर आणला तर काय करणार?

खवट अ‍ॅडमिन: म्हणून रोलओव्हर १ दिवस किंवा प्रायमरी शार्ड (इंडेक्सचा मूळ तुकडा) ५० जीबी, जे आधी होईल ते. डॉक्युमेंटेशन उघडायला पैसे पडत नाहीत.

घाईत आहे: रेप्लिका (शार्डच्या जादा प्रती) शून्य करा, निम्मी जागा मोकळी. संपला वाद.

एकटा नोड: एका नोडवर (सर्व्हरवर) रेप्लिका बसतच नाही, अनअसाइन्ड राहते. काय मोकळं होणार, कपाळ?

मॅपिंगपीडित: साफसफाईवर भांडताय, कचरा येतो कुठून ते बघा. डायनॅमिक मॅपिंग (फील्डचा प्रकार आपोआप ठरवणं) मोकाट सोडलं की स्ट्रिंग टेक्स्ट (शब्द सुटे करून) आणि कीवर्ड (अख्खी) अशी दोनदा इंडेक्स होते. ट्रेस-आयडीला (रिक्वेस्टच्या ओळख-क्रमांकाला) टेक्स्ट कशाला हवं? डेव्हलपर अख्खी रिक्वेस्ट हेडरसकट लॉगमध्ये ओततात आणि १००० फील्डची मर्यादा आडवी आली की मर्यादाच वाढवून मागतात. डिस्क-यूसेज एपीआय चालवा, कुठलं फील्ड किती खातं ते उघड दिसतं. (ती चालवणं जड असतं, गर्दीच्या वेळी नको.)

कोडवाला: डीबग लॉग बंद करा म्हणणारेच रात्री तीनला 'ट्रेस कुठाय' म्हणून फोन करतात. लॉग लिहिणं आमचं काम, मॅपिंग तुमचं. टेम्प्लेट (नव्या इंडेक्ससाठी आधीच ठरवलेलं मॅपिंग) कोणी अडवलंय?

मॅपिंगपीडित: कोणीच नाही. फक्त दर आठवड्याला नव्या नावाचं फील्ड पाठवू नका. स्टेटस आज आकडा, उद्या ऑब्जेक्ट. मग डॉक्युमेंट रिजेक्ट झालं की 'लॉग हरवले' म्हणून बोंब.

कोडवाला: फ्लॅटन्ड टाइप नावाची गोष्ट असते. सगळा ऑब्जेक्ट एकाच फील्डमध्ये मावतो.

मॅपिंगपीडित: असते, आणि त्यातल्या व्हॅल्यूंवर आकड्यांची रेंज लावून बघा, स्ट्रिंगसारखी तुलना होते. पण बरं, हेडरपुरतं चालेल. टेम्प्लेट बदललं तरी ते फक्त नव्या इंडेक्सला लागतं, तेव्हा लगेच हाताने रोलओव्हर करा.

एकटा नोड: मूळ प्रश्न राहिला बाजूला. एकाच इंडेक्समध्ये सगळ्या ग्राहकांचा डेटा असेल आणि एकाचाच पुसायचा असेल, तर खवटशेठ कुठला इंडेक्स उडवणार?

खवट अ‍ॅडमिन: घ्या, तेवढ्यापुरती तुमची क्वेरी जिंदाबाद. मग ओन्ली-एक्सपंज-डिलीट्स (फक्त पुसलेलं काढायचा पर्याय) लावून फोर्स-मर्ज (सक्तीचं मर्ज) करा, तेही लिहिणं थांबलेल्या इंडेक्सवर आणि हाताशी मोकळी जागा असतानाच. आणि डेटा फोल्डरमध्ये शिरून आरएम (फाइल पुसायची आज्ञा) चालवणाऱ्यांनी या धाग्यात येऊ नये.