साहेबांच्या घरची स्वयंपाकीण आणि देशाची इज्जत

वडगावचा_मागवाला:
आमच्या गल्लीत एक मावशी आहेत. मागाचा धंदा बसला तसं त्यांनी लोकांच्या घरी भाकऱ्या करायला सुरुवात केली. मग कुणाच्या तरी ओळखीनं आपल्याच देशाच्या एका राजनैतिक अधिकाऱ्याच्या कुटुंबाबरोबर परदेशी गेल्या, स्वयंपाकाला आणि मुलं बघायला. कुठला देश, कोण साहेब, ते इथं लिहिणार नाही. जाताना दोन कागदांवर सही घेतली होती. एक व्हिसाच्या खिडकीत दाखवायचा, त्यावर पगार डॉलरमध्ये. दुसरा घरातला, त्यावर रुपयांत. मिळाला तो दुसऱ्या कागदावरचा, तोही इथं मुलाच्या खात्यात. पासपोर्ट विमानतळापासून बंगल्यापर्यंत तेवढा मावशींच्या हातात होता. दोन वर्षांनी आल्या, तेव्हा पाय सुजलेले.

परवा हे सगळं परत निघालं, कारण मी त्यांना ऑस्ट्रेलियाचा निकाल वाचून दाखवला. तिथल्या फेडरल कोर्टानं नोव्हेंबर २०२३ मध्ये भारताच्या एका माजी उच्चायुक्तांना घरकाम करणाऱ्या बाईचे थकलेले १ लाख ३६ हजारांवर ऑस्ट्रेलियन डॉलर आणि वर व्याज द्यायला सांगितलं. २०१५-१६ मधलं प्रकरण. आठवड्याचे सातही दिवस, दिवसाला साडेसतरा तास काम, आणि पासपोर्ट काढून घेतलेला. मावशी ऐकून एवढंच म्हणाल्या, "माझे साडेसतरा भरत नसतील बघ, दुपारी तासभर पाठ टेकायला मिळत होती."

माझं मत सरळ आहे. अशा साहेबाला जाब विचारलाच पाहिजे, आणि परक्या देशाच्या आधी आपल्या सरकारनं विचारला पाहिजे. तुमचं काय?

सीमावासी:
मागवाले, मावशींबद्दल वाईट वाटलं. खरं तुम्ही एका बाजूचं सांगालाय. त्या निकालात साहेब कोर्टात हजरच झाले नव्हते, म्हणजे एकाच बाजूचं ऐकून दिलेला निकाल. परराष्ट्र खात्याचं म्हणणं होतं की त्या बाईंना तिथंच राहायचं होतं.

आणि २०१३ विसरला काय? न्यूयॉर्कमध्ये देवयानी खोब्रागडेंना १२ डिसेंबरला अटक केली, कपडे उतरवून झडती घेतली. आपल्या देशाची उपमहावाणिज्य दूत! मोलकरणीला तासाला ९.७५ डॉलर देते असं व्हिसाच्या अर्जात लिहून प्रत्यक्षात महिना ३० हजार रुपये ठरवले, हा आरोप. त्याआधी दिल्ली हायकोर्टानं त्या मोलकरणीविरुद्ध मनाई हुकूम दिला होता, तो कुणी विचारात घेतला नाही. उलट अटकेच्या तोंडावर अमेरिकेनं तिच्या नवऱ्याला-पोरांना विमानात बसवून नेलं. ह्याला न्याय म्हणायचं की राजकारण? दिल्लीत अमेरिकन वकिलातीसमोरचे अडथळे काढले तेव्हा माझ्यासारख्याला बरंच वाटलं होतं. खाणं, राहणं, औषधपाणी फुकट असताना ३० हजार त्या काळी कमी होते काय? आपल्या मास्तरांना तेवढे मिळत नव्हते.

काळा_कोट:
सीमावासी, झडतीचा संताप माझाही होता. पण झडती कशी घेतली आणि पगार किती दिला, हे दोन दावे वेगळे. एकाच्या पदराआड दुसरा लपवू नका.

"राजनैतिक संरक्षण (म्हणजे परदेशात तिथल्या अटकेपासून, खटल्यापासून मिळणारी सूट) आहे म्हणजे सगळं माफ" असं इथं बरेच जण धरून चाललेत, म्हणून थोडं लिहितो. राजदूतांच्या हक्कांचा १९६१चा व्हिएन्ना करार घ्या. कलम २९ मुळं राजदूताला अटक होत नाही, ३१ मुळं त्याच्यावर तिथं खटला चालत नाही. त्याच ३१ चं चौथं पोटकलम मात्र कुणी वाचत नाही: तिथं सूट मिळाली म्हणून स्वतःच्या देशातल्या कोर्टातून सुटका नाही. ४१ म्हणतं, ज्या देशात राहता तिथले कायदे पाळणं तुमचं कर्तव्य. आणि ३२ प्रमाणं ही सूट मुळात देशाची आहे, पाठवणारा देश ती काढून घेऊ शकतो. साहेब आपल्या खिशात घालून फिरतात ती उधारीवरची आहे.

खोब्रागडे तेव्हा वाणिज्य दूत होत्या. त्यांना १९६३चा दुसरा करार लागतो, त्यात संरक्षण फक्त कार्यालयीन कामापुरतं. घरची बाई ठेवणं हे कार्यालयीन काम नाही, असं अमेरिकेचं म्हणणं. जानेवारी २०१४ मध्ये आपण त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयात नेमून पूर्ण संरक्षण मिळवून दिलं. दुसऱ्याच दिवशी आरोपपत्र आलं, म्हणून ते १२ मार्चला रद्द झालं. दोन दिवसांनी नवीन दाखल. म्हणजे कोर्टानं "पगार बरोबर होता" असं कुठंच म्हटलेलं नाही. तारखेवर सुटल्या. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे.

साहेबांची नेमणूक संपली की कलम ३९ प्रमाणं फक्त सरकारी कामाचं संरक्षण उरतं. ऑस्ट्रेलियात नेमकं तेच झालं. ब्रिटनचं सुप्रीम कोर्ट जुलै २०२२ मध्ये आणखी पुढं गेलं. एक सौदी अधिकारी, नोकरीवर असलेला. त्याच्या घरच्या फिलिपिनो बाईचं म्हणणं खरं धरलं तर तिला गुलामासारखं राबवून घेणं हा त्याचा खासगी फायद्याचा व्यवहार ठरतो आणि तिथं संरक्षण लागत नाही, असा तीन विरुद्ध दोन निकाल. दोन न्यायाधीश विरोधात होते, तेव्हा हे सगळ्यांना पटलेलं आहे असंही समजू नका.

बाकी कुणाची हद्द, कुणाचं कोर्ट ह्या वादात आपण बेळगावकरांनी उतावीळ होण्यात अर्थ नाही. आपला सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात २००४ पासून पडून आहे.

निवृत्त_सुभेदार:
मी मराठा लाइट इन्फंट्रीतनं निवृत्त. साहेबाच्या घरी सहायक म्हणून दोन वर्षं काढली, बूट पॉलिश केले, मेमसाहेबांची बाजारहाटही केली. त्यात कमीपणा वाटला नाही आणि आज उगीच रडगाणंही गाणार नाही. म्हणून पहिल्यांदा वाचलं तेव्हा मागवाल्यांचा राग आला. नोकरी म्हटलं की राबावं लागतंय.

खरं रात्री विचार करत पडलो. माझा पगार साहेब देत नव्हता, सरकार देत होतं. माझं कार्ड माझ्याकडं. साहेब तिरसट निघाला तर युनिटमध्ये सुभेदार मेजरकडं जाता येत होतं. जास्तीत जास्त बदली झाली असती. ह्या बाईचं काय? पगार साहेबाच्या हातात, पासपोर्ट साहेबाच्या कपाटात, व्हिसा साहेबाच्या नावावर. घर सोडून बाहेर पडली की त्याच क्षणी बेकायदा. भाषा येत नाही, बसचा नंबर कळत नाही. तिला साहेबानं मारायची गरजच नाही वो.

वडगावचा_मागवाला:
काका, हेच मला सांगता येत नव्हतं.

खानापूरची_लेक:
मला ह्या सगळ्या चर्चेचा थोडा वैताग आलाय. राजदूतांच्या घरी जाणाऱ्या बायका किती? बोटावर मोजण्याइतक्या. आमच्या भागातल्या बायका गोव्यात जातात, पुण्यात जातात, आणि एजंटाच्या नादानं आखातात जातात. तीस वर्षांखालच्या, दहावी न झालेल्या बाईला तिकडं घरकामाला जायला आपलं सरकार परवानगी देत नाही. मग एजंट व्हिजिट व्हिसावर पाठवतो, आणि सरकारच्या दप्तरात ती गेलेलीच नसते. तिच्यासाठी कुणी अडथळे काढत नाही. न्यूयॉर्क म्हटलं की मात्र सगळे वकील होतात.

आणि घरचं बघा. कर्नाटकात घरकामगारांना किमान वेतन २००४ पासून आहे. तिळकवाडीतल्या चार बंगल्यांत जाऊन विचारा, कुणाला माहीत आहे काय. घरकामगारांचा आंतरराष्ट्रीय करार, १८९ नंबरचा, २०११ मध्ये झाला. आपण बाजूनं मत दिलं आणि मंजुरी अजून दिलेली नाही. आधी हे, मग राजदूत.

वडगावचा_मागवाला:
ताई, आखातातली बाई घरातनं पळाली तर कुठं जाते? आपल्या वकिलातीत. तिथल्याच साहेबाच्या स्वयंपाकघरात दोन कागदांचा कारभार असेल, तर तिची तक्रार कोण लिहून घेणार? म्हणून म्हणतो, वरनं सुरुवात करा. तिळकवाडीचं तुमचं मान्य. आमच्या वहिनींना मी आजच विचारलं, उत्तर इथं लिहिण्यासारखं नाही.

सीमावासी:
लेक बरोबर बोलली. मागवाले, तुम्ही भावनेवर जाताय. उद्या आपल्या अधिकाऱ्याला कुणीही मोलकरणीची तक्रार पुढं करून अडकवलं तर? शत्रू देशात तर रोज होईल. संरक्षण त्यासाठीच आहे.

काळा_कोट:
मग २०१५ चं गुडगाव घ्या. दोन नेपाळी बायकांना सौदी अधिकाऱ्याच्या फ्लॅटमधनं पोलिसांनी सोडवलं. बलात्काराचे, कोंडून ठेवल्याचे आरोप. तो संरक्षणावर आरामात देश सोडून गेला. तेव्हा तुमचं काय म्हणणं होतं?

सीमावासी:
तेव्हा वाईट वाटलं. तरी सांगतो, सरकारनं नियम पाळला ते बरोबर केलं. आम्ही त्यांचा सोडला म्हणूनच ते आमचा सोडतील. हा सौदा कडू आहे, खरं सौदा आहे. मी दोन्हीकडं एकच बोलतोय, तेवढं तरी मान्य करा.

काळा_कोट:
एकच बोलता, मान्य. फक्त त्या सौद्यात दोन्हीकडनं जमा धरल्या जातात त्या बायका. सोडायचा तर सोडा, पण घरी आल्यावर खटला चालवा. ३१ चं चौथं पोटकलम त्याचसाठी आहे. सौदी अधिकाऱ्यावर सौदीत, आपल्यावर दिल्लीत. शत्रू देशाची भीती त्यात कुठं येते?

सीमावासी:
दिल्लीत चालवा. त्याला माझी ना नाही. हे आधी का नाही बोलला?

निवृत्त_सुभेदार:
आणि पगार सरकारनं थेट बाईच्या खात्यात घालावा. तिथल्या कायद्यानं बसेल तेवढा. साहेबाला परवडत नसेल तर साहेबानं स्वतः भाकरी थापावी. आम्ही चुलीवर थापल्यात.

खानापूरची_लेक:
सुभेदारकाका, हे पटलं.

काळा_कोट:
मागवाले, मावशींकडं दुसऱ्या कागदाची प्रत आहे काय?

वडगावचा_मागवाला:
पहिल्याची झेरॉक्स आहे, डॉलरवाल्या. दुसरा साहेबांकडंच राहिला. खरं मुलाचं पासबुक आहे. दर महिन्याला किती आले आणि कुणाच्या खात्यातनं आले, ते त्यात छापलंय.

काळा_कोट:
ते आणा. सोमवारी कोर्टात आहे, दुपारी दोननंतर.

सीमावासी:
मावशींना विचारलंत काय, त्यांना हे पाहिजे काय ते?

वडगावचा_मागवाला:
विचारलं. म्हणाल्या, पोराचं लग्न होऊ दे, मग बघू. खरं पासबुक ट्रंकेतनं काढून वर ठेवलंय.