मदत हवी आहे: गोष्टींमधून मुलांना बातमी लिहायला शिकवतेय, पण अवतरणांचं काय करायचं?

नमस्कार मंडळी,

नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांचा एक छोटा गट माझ्याकडे येतो. त्यांना बातमी लिहायला शिकवते आहे आणि त्यासाठी परीकथा, लोककथा वापरते आहे. गोष्ट सगळ्यांना आधीच पाठ असते, त्यामुळे काय घडलं हे समजावण्यात वेळ जात नाही. ते सांगायचं कसं, एवढंच काम उरतं. इथे शिक्षक आहेत, वर्तमानपत्रांत काम केलेले आहेत, म्हणून अडलेलं विचारते.

सुरुवातीचा भाग सहज जमला. कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं हे सहा प्रश्न मुलांनी लगेच उचलले. गोष्ट शेवट राखून ठेवते आणि बातमी शेवटच आधी सांगून टाकते, हेही कळलं. ‘एके दिवशी’ने सुरुवात करायची नाही, एवढा एकच नियम घातला. मग लाल टोपीवालीच्या गोष्टीचा इंट्रो, म्हणजे बातमीचं पहिलं वाक्य, असा आला: ‘आजी आणि नातीला गिळणाऱ्या लांडग्याचे पोट फाडून शिकाऱ्याने दोघींची सुटका केली.’ जागा कमी पडली की उपसंपादक बातमी खालून कापतो, हे सांगितल्यावर मुलांनी आपणहून टोपीचा रंग शेवटच्या ओळीत नेऊन टाकला. मला फार आनंद झाला, कारण महत्त्वाचं आणि गमतीचं यातला फरक त्यांनी स्वतः शोधला होता.

खरी मजा आणि खरी अडचण दोन्ही पुढे आहेत. गोष्ट सांगणाऱ्याला सगळं ठाऊक असतं: बंद घरात काय झालं, लांडग्याच्या मनात काय होतं, सगळं. बातमीदाराला फक्त दिसलेलं आणि कुणीतरी सांगितलेलं ठाऊक असतं. हे शिकवायला मला ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’सारखी दुसरी गोष्ट सापडली नाही. लेकीकडून परतताना म्हातारी भोपळ्यात बसलेली आहे, हे ऐकणाऱ्याला माहीत असतं. वाटेत वाघाला काय दिसलं? एक घरंगळत जाणारा भोपळा. काय ऐकू आलं? आतून आवाज, की म्हातारी कोतारी मला नाही ठाऊक. म्हणजे वाघाच्या भरवशावर बातमी लिहायची तर तिच्यात म्हातारी येऊच शकत नाही! मुलं यावर बराच वेळ भांडली. ‘पण ती आत होतीच ना!’ होती, पण तुला हे कुणी सांगितलं? शेवटी एकीने मथळा दिला, ‘बोलणारा भोपळा पाहिल्याचा वाघाचा दावा’, आणि एकाने सुचवलं की लेकीला विचारू, भोपळ्यात तिनेच तर बसवलं. बातमीला दुसरा साक्षीदार लागतो, हे मी न सांगता त्यांना उमगलं.

आता माझा मूळ प्रश्न. मुलं अवतरणं रचतात. एकाने लिहिलं: ‘“मला खूप पश्चात्ताप होतो आहे,” असे लांडग्याने सांगितले.’ वाक्य छान आहे, पण लांडगा असं कधी बोललाच नाही. अवतरणचिन्हांत फक्त खरोखर बोललेले शब्द येतात, हा बातमीचा पायाच आहे. आणि इथे तर मीच त्यांना मनाने शब्द रचायची सवय लावते आहे का? भाषेच्या तासाला हेच कौतुकाचं ठरलं असतं, म्हणून हा भेद त्यांच्यापुढे कसा मांडावा ते कळत नाही.

तोडगा म्हणून अर्धी मुलं पात्रं केली आणि अर्धी बातमीदार. पात्राने खरंच उच्चारलेलं आणि वहीत टिपून घेतलेलंच अवतरणात घ्यायचं. याने बराच फरक पडला. वही दाखव म्हटलं की रचलेलं वाक्य आपोआप गळून पडतं. पण पात्र झालेल्या मुलांनाही अख्खी गोष्ट पाठ. वाघ झालेला मुलगा दुसऱ्याच प्रश्नाला ‘आत म्हातारी होती’ म्हणून मोकळा! त्यावर प्रत्येक पात्राला ‘तू काय पाहिलंस, काय ऐकलंस’ अशी चिठ्ठी देऊन पाहिली, तर मुलं चिठ्ठीच वाचून दाखवतात आणि मुलाखतीतला जीव जातो. कुणी याहून बरं काही केलं असेल तर जरूर लिहा.

दुसरी अडचण ‘दुष्ट’ आणि ‘लबाड’ या शब्दांची. बातमीत ते नकोत, कृती सांगा, असं म्हटलं. लांडग्याची बाजूही विचारायला लावली. आता काही मुलांचा समज झाला आहे की दोन बाजू मांडल्या की खरं-खोटं ठरवायचं कामच संपलं, आणि ती प्रत्येक वाक्यात ‘कथित’ घालतात. मला हे काळजीचं वाटतं. लांडग्याचं म्हणणं जरूर घ्यावं, पण आजी त्याच्या पोटातून निघाली असेल तर त्याने तिला गिळलं हे ठामपणे लिहायलाच हवं. कुठे ‘आरोप’ लिहायचं आणि कुठे सरळ विधान करायचं, हे या वयाला झेपेल असं कसं सांगता?

पुढच्या वेळी एकाच गोष्टीची वेगवेगळी रूपं ताडून बघायचा विचार आहे. फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या १६९७च्या पुस्तकात लाल टोपीवाली वाचतच नाही, शिकारी येतच नाही. सुटका आहे ती जर्मन ग्रिम बंधूंच्या १८१२च्या संग्रहात. सिंड्रेलाचा बूट पेरोकडे काचेचा, ग्रिमकडे सोन्याचा. चिऊ-काऊच्या गोष्टीचा शेवट तर घरोघरी वेगळा: कुठे कावळा तापलेल्या तव्यावर बसतो, कुठे कोपऱ्यात बसून कुटुम कुटुम चणे खातो. मुलांनी घरच्यांना विचारून आपापला शेवट आणायचा आणि कुणी सांगितला तेही लिहायचं, असं योजलं आहे. अडचण एवढीच, की इथे ‘खरा’ शेवट कुठलाच नाही. मग पडताळणीचा अर्थ मुलांना कसा लावून द्यावा? ‘अमक्याच्या सांगण्यानुसार’ एवढ्यावर थांबणं पुरेसं आहे, की यासाठी लोककथा सोडून शाळेतलीच एखादी खरी घटना घ्यावी?

भोपळ्याच्या गोष्टीच्या चिठ्ठ्यांचा मजकूर माझ्याकडे टाइप केलेला आहे. सुधारणा सुचवायला कुणाला हवा असेल तर प्रतिसादात टाकते.