‘लेगसी ॲडमिशन’ला मराठीत काय म्हणायचं?

पिंपळपान: अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशांवरचा एक लेख मराठीत करतेय. आईवडील त्याच कॉलेजात शिकलेले असले की मुलांना जे झुकतं माप मिळतं त्याला मी ‘वारसा कोटा’ लिहिलं. संपादक म्हणतात वारसा चांगल्या गोष्टीचा असतो, बदला. काय लिहू?

देशावरचा: कोटा तर नकोच. कोट्यात जागा आधीच बाजूला काढलेल्या असतात, इथे अर्ज बघताना वजन टाकतात. पण वजन केवढं, तर हार्वर्डच्या खटल्यात जे आकडे बाहेर आले त्यात माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी जवळपास ३३ टक्के घेतलेली आणि एकूण अर्जदारांतली ६ टक्के. सरळ अन्याय आहे हा.

शुद्धमती: वारस अरबी, वशिला अरबी. ‘वंशाधारित प्राधान्य’ लिहा ना.

देशावरचा: ताई, तिथेच घोळ होईल. २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने प्रवेशात वंश बघणं बंद केलं, तो वंश म्हणजे काळे-गोरे वगैरे. तुमचा शब्द वाचून लोकांना वाटेल हेच बंद झालं, आणि हे तर चालूच राहिलं, म्हणून तर लोक चिडले. मेरिलँड आणि कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये खाजगी कॉलेजांनाही बंदी घातली ती त्यानंतर.

नदीकाठ: ‘वारसा हक्क’ तरी कृपा करून लिहू नका. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगारांच्या वारसांना नोकरी मिळते, आमच्या घरी भावाला मिळाली. बहिणींची ना हरकत लागते, मी स्वतः स्टॅम्पपेपरवर सही केलीय. वडिलांनी आयुष्यभर गटारं उपसली त्याचा हा हक्क, तो शब्द हार्वर्डवाल्यांच्या पोरांना कशाला?

शुद्धमती: हे पटलं. मग ‘कुलप्राधान्य’?

देशावरचा: लोक कुलगुरूंचा अधिकार समजतील. ‘वशिला’च बरा, सगळ्यांना कळतो.

पिंपळपान: पण वशिला गुपचूप असतो हो, इथे फॉर्ममध्येच विचारतात आईवडील कुठे शिकले.

घाटमाथा: आमची आजी ‘वशिल्याचं तट्टू’ म्हणायची. तट्टूच का, घोडा का नाही? मला वाटतं पागेच्या हजेरीत ओळखीच्या माणसाचं मरतुकडं तट्टूही घोडा म्हणून लावून घ्यायचे त्यावरून आलं असेल.

शुद्धमती: पुरावा आहे का काही? ‘भाड्याचं तट्टू’ही आहेच की, तिथे कुठली हजेरी?

घाटमाथा: भाड्याचं वेगळं हो, ते ओझ्याचं जनावर. पागेतलं निराळं.

पिंपळपान: अहो, उद्या लेख द्यायचाय मला.

नदीकाठ: घाटमाथा, आमच्याकडे ‘वशिल्याचा घोडा’ पण म्हणतात बरं का.