मशीनवर झालेल्या लेकराला आत्मा असतो का?

चिऊची आई, सोलापूर

नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ बघायला आम्ही सगळे गेलो होतो. गर्दीत यजमानांच्या नात्यातल्या एक आजी भेटल्या. चिऊचा गाल धरून म्हणाल्या, "हातमागाचं लुगडं वेगळं आणि यंत्रमागाचा टॉवेल वेगळा. हे मशीनवरचं पोर. जीव आहे खरा, पण आत्मा कुठून यायचा?"

आमच्या घराच्या दोन पिढ्या यंत्रमागावर जगल्यात, म्हणून ते जास्तच लागलं. सासूबाई शेजारीच होत्या, काही बोलल्या नाहीत. चिऊच्या वेळी याच सासूबाईंनी बांगड्या मोडल्या होत्या. तीस वर्षं विड्या वळून केलेल्या बांगड्या.

चिऊ सहा वर्षांची आहे, सगळं कळतं. रात्री अंथरुणात विचारते, "मम्मी, आत्मा कुठे असतो? डॉक्टर मला बसवायचा विसरले का?"

आता माझं सांगते. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी काही नव्हतं, मग टेस्ट ट्यूबचं ठरवलं. अकरा बीजं निघाली, सात फळली, पाचव्या दिवसापर्यंत चार टिकली. त्यातली दोन लगेच माझ्या पोटात सोडली, ती राहिली नाहीत. उरलेली दोन गोठवली. पाच महिन्यांनी त्यातलं एक सोडलं, तीच चिऊ. सोडताना पडद्यावर एक पांढरा ठिपका दिसला. तो मी अजून डोळे मिटून बघते. दुसरं आहे तिथंच आहे. दर वर्षी ठेवणावळीच्या फीचा मेसेज येतो, यंदाचा मागच्या आठवड्यात आला.

चिऊला आत्मा आहे याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. पण ते पाच महिने ती कुठे होती? आत्मा तिच्याबरोबर नळीत थांबला होता, की माझ्या पोटात आल्यावर आला? थांबला असेल, तर ते दुसरंही वाट बघत बसलंय का? मी ४१ वर्षांची आहे, बीपी आहे, पुन्हा दिवस राहू देऊ नका असं डॉक्टरांनी बजावलंय. यजमान म्हणतात, फी बंद करू. मला मेसेजला उत्तर देववत नाही.

विचार करून लिहा. टर उडवायची असेल तर कृपा करून नका लिहू.

लॅबमधला

ताई, मी अशाच एका लॅबमध्ये अकरा वर्षं काम करतो. तुमच्या गावातल्या नाही.

एक सांगू की नको असं झालं, पण सांगतो. पडद्यावरचा तो ठिपका बहुतेक हवेच्या बुडबुड्याचा असणार. पाचव्या दिवसाचा भ्रूण मिलीमीटरच्या पाचव्या भागाएवढासुद्धा नसतो, सोनोग्राफीत तो दिसत नाही. नळीत त्याच्या आजूबाजूला थोडी हवा ठेवतात, ती चमकते. म्हणजे चिऊ त्या ठिपक्याला लागूनच होती.

गोठवणं म्हणजे उणे १९६ अंश, द्रव नायट्रोजनमध्ये. तिथं पेशीचं काहीच चालत नाही. वाढ नाही, झीज नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत जुळी जन्मली, ती १९९२ साली गोठवलेल्या भ्रूणांतून. तीस वर्षं त्यांचं वय वाढलंच नव्हतं. म्हणून तुमच्या "वाट बघत बसलंय का" याला माझ्याकडचं उत्तर एवढंच, की वाट बघायला वेळ जावा लागतो. आत मात्र वेळ जात नाही.

पण खरं सांगतो, वितळवल्यावर भ्रूण आधी चुरगळलेला दिसतो आणि दोनेक तासांत पुन्हा फुगायला लागतो. ते सूक्ष्मदर्शकातून बघताना मी आजही बोलायचा थांबतो.

आणखी एक. १९७८ च्या जुलैत इंग्लंडमध्ये लुईस ब्राउन जन्मली, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नांतून मुलगी जन्मली, तीही गोठवलेल्या भ्रूणातून. सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं. १९८१ मध्ये त्यांनी जीव दिला. मान मिळाला तो मेल्यावर. त्या मुलीला आत्मा आहे का, हे विचारण्याआधी लोकांनी ती आहे हेच नाकारलं होतं.

निवृत्त गुरुजी, बार्शी

चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाची व्याख्या आहे. शुक्र, शोणित आणि जीव यांचा संयोग कुक्षीत झाला, की त्याला गर्भ म्हणावं. यातला "कुक्षीत" हा शब्द तुमच्यासाठी महत्त्वाचा. शब्दशः धरलं तर नळीतल्याला गर्भ हे नाव अजून लागत नाही. चरकांपुढे नळी नव्हती, हेही खरं. गर्भोपनिषद तर जीवाचा योग सातव्या महिन्यात सांगतं. म्हणजे आपल्या जुन्या लोकांचंही यावर एकमत नव्हतं. कुणी छातीठोकपणे सांगू लागला तर ऐकू नका.

आजींसाठी मात्र माझ्याकडे उत्तर आहे. महाभारतात शस्त्रपरीक्षेच्या मैदानावर भीमाने कर्णाला जन्मावरून हिणवलं, तेव्हा दुर्योधनाने द्रोण कलशात जन्मल्याचा आणि कृपाचार्य शर नावाच्या गवताच्या बेटात जन्मल्याचा दाखला दिला. या कथांना मी विज्ञान म्हणत नाही, तसं म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. पण द्रोणांना आत्मा आहे का, हे त्या भरसभेत कुणी विचारलं नाही.

चिऊला सांगा, आत्मा कुणी बसवत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात त्याला अज म्हटलंय, न जन्मलेला. डॉक्टर विसरतील कसे?

जुळ्यांची आत्या

भावाला जुळ्या मुली आहेत, अगदी एकसारख्या. एकच भ्रूण सुरुवातीच्या दोन आठवड्यांत कधीतरी दुभंगतो आणि अशी जुळी होतात. पहिल्या दिवशीच आत्मा आला असेल, तर तो दुभंगला का? शस्त्रंही ज्याला छेदत नाहीत तो? मला वाटतं, तो उशिरा येत असावा. दोघींचे स्वभाव बघितले तर दोन आत्मे आहेत हे कुणीही सांगेल.

निलोफर, विजापूर वेस

आमच्यात हदीसच्या आधाराने १२० दिवसांनी रूह फुंकली जाते असं मानतात. नवरा-बायकोचंच असेल तर टेस्ट ट्यूबला बऱ्याच उलेमांची परवानगीही आहे. माझ्या खालाची, म्हणजे मावशीची, मुलगी तशीच झाली. तिला कुणी असं बोललं असतं, तर आमच्या खालाने तिथंच ऐकवलं असतं. तुमच्या सासूबाई गप्प का बसल्या?

बसवण्णा गल्लीतला

आम्हा लिंगायतांत आठव्या महिन्यात आईच्या हाती पोटातल्या बाळासाठी इष्टलिंग देण्याची जुनी रीत आहे. माझ्या पुतण्याच्या वेळी झाली. तोही टेस्ट ट्यूबचा. मी आमच्या स्वामींना आधी विचारलं होतं, चालेल ना? ते म्हणाले, कुणाचं बाळ आहे ते सांगा आणि तारीख ठरवा.

चिऊची आई, सोलापूर

सगळ्यांचं तीन-तीनदा वाचलं. लॅबवाले दादा, बुडबुड्याचं वाचून आधी रडले. मग बरं वाटलं, "लागूनच होती" हे वाचून.

गुरुजी, चिऊला तुमचं सांगितलं. तिने विचारलं, "म्हणजे मी आधीपासूनच होते?" मी हो म्हटलं.

निलोफर, मीही सासूबाईंना तेच विचारलं, त्या का गप्प बसल्या. म्हणाल्या, आजी वयाने मोठ्या, रथासमोर भांडण नको, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन बोलून आले. काय बोलल्या ते सांगत नाहीत. त्याच बोलण्यात मी त्यांना गोठवलेल्या दुसऱ्याबद्दल सांगून टाकलं. एवढ्या वर्षांत त्यांना ते माहीतच नव्हतं.

फी भरली, एका वर्षाची. कायद्याने दहाच वर्षं ठेवता येतं, त्यातली तीन उरलीत. जुळ्यांच्या आत्याचं पटतं, बसवण्णा गल्लीतल्या दादांच्या स्वामींचंही पटतं, आणि तरी मेसेजला "बंद करा" लिहायला हात धजत नाही. यजमानांनी यंदा काही म्हटलं नाही.

सासूबाई बराच वेळ बसून होत्या. मग तेलुगूत विचारलं, "तिथं गार लागत असेल का गं त्याला?"

मी फोन काढला आणि दादांनी लिहिलेलं त्यांना तेलुगूत सांगत गेले. वेळ जात नाही त्या ओळीपाशी त्यांनी मला थांबवलं, पुन्हा सांग म्हणाल्या.