घरी साधा ब्रेड करायचाय, ओव्हन नाही आणि लाईटचा भरवसा नाही. सल्ला द्या

वऱ्हाडची_सून
नमस्कार मंडळी. दर्यापूर तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. आमच्याकडे ब्रेड तालुक्यावरून येतो, तोही एक दिवसाआड. या दिवसांत पुडकं उघडलं की आधी वास घेऊन पाहावा लागतो. पोरं सुट्टीत घरी आहेत, सकाळ झाली की ब्रेड-ऑम्लेट पाहिजे. म्हटलं घरीच शिकावं.

घरात गॅस आहे, जाड बुडाची कढई आहे, जुना पाच लिटरचा कुकर आहे. ओटीजी, म्हणजे तो विजेवरचा छोटा ओव्हन, घेऊ का? यीस्ट आजवर हातात धरलेलं नाही. घरचा लोकवन गहू भरपूर पडलाय, त्याच्याच कणकेचा ब्रेड झाला तर बरं. आणि बाहेर पारा ४४ वर, त्याचा काही फरक पडतो का?

पांढरकवडा_मास्तर
ताई, ओटीजी आत्ताच घेऊ नका. खेड्यात लाईट असली तरी व्होल्टेज नसते. २३० व्होल्टचं यंत्र १८० वर चालवलं तर त्याची तापायची ताकद साधारण ६० टक्क्यांवर येते. मग पुस्तकात ३० मिनिटं लिहिलेला ब्रेड तासभर आत बसतो आणि वाळून निघतो. आधी कुकरवर हात बसू द्या.

कुकरची रिंग आणि शिट्टी दोन्ही काढा. तळाला बोटभर जाड मीठ पसरा, त्यावर जाळी किंवा वाटी उपडी, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू द्या. मग पिठाचा डबा आत ठेवून आच कमी, ३५ ते ४० मिनिटं. रोजच्या वापराचा कुकर यासाठी घेऊ नका, कोरडा तापवल्याने खराब होतो. तुमचा जुना आहे, चालेल. ते मीठ थंड करून बरणीत भरा, पुन्हा पुन्हा याच कामाला येते, फक्त भाजीत टाकू नका.

वरचा भाग पांढरा राहील, कारण कुकरमध्ये वरून आच नाही. ब्रेड डब्यातून काढून गरम तव्यावर दोन-तीन मिनिटं उलटा ठेवा, रंग येतो.

शेगावची_मावशी
यीस्टचं मी सांगते. दुकानात दोन प्रकारचं सुकं यीस्ट मिळतं. इन्स्टंट असेल तर सरळ पिठात मिसळा. ॲक्टिव्ह ड्राय असेल तर कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून दहा मिनिटं ठेवा, वर फेस आला पाहिजे. फेस नाही आला तर ते मेलेलं आहे, पीठ वाया घालवू नका. पहिल्यांदा इन्स्टंटच घ्या. बेकिंग पावडर हे वेगळं प्रकरण, कुणी "तेच चालते" म्हणालं तर ऐकू नका.

पहिल्या ब्रेडचं माप: मैदा २५० ग्रॅम, पाणी १६० मिली, मीठ एक छोटा चमचा सपाट, साखर दोन छोटे चमचे, तेल एक मोठा चमचा. इन्स्टंट यीस्ट हिवाळ्यात पाऊण छोटा चमचा, आत्ता अर्धाच. डबा सहा इंची, खोल. पीठ सैलच राहते, हाताला चिकटते. घाबरून वरून मैदा घालत बसू नका, तेलाचा हात घ्या आणि दहा-बारा मिनिटं मळा.

आता उन्हाळ्याचं. तुमचा खरा प्रश्न तोच आहे, बाकी सगळं जमून जाते. पाककृतींत "कोमट पाणी घ्या, तासभर झाकून ठेवा" लिहितात. ते लिहिणाऱ्यांनी आपला मे महिना पाहिलेला नसतो. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी तर मुळीच घेऊ नका, हाताला चटका बसेल अशा पाण्यात यीस्ट मरते. माठातलं पाणी घ्या. पीठ अर्ध्या तासात दुप्पट होईल आणि तुम्ही तासाने पाहाल तर ते फुगून, आंबून खाली बसलेलं असेल. म्हणून घड्याळ सोडा, पिठाकडे पाहा. बोट पिठात बुडवून दाबा. खळगा लगेच भरला तर अजून वेळ आहे, हळूहळू अर्धा भरला तर कुकर तापवायला घ्या, भरलाच नाही तर उशीर झाला.

आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे पिठावर पापडी धरते. ओला पंचा पिळून भांड्यावर टाका आणि भांडं कूलरच्या वाऱ्यात ठेवा. पंचा ओला राहील तोवर पीठही थंड राहतं. शक्यतो पहाटेच मळा.

कास्तकार_अकोट
काहून एवढी झंझट करता बापा! गोवऱ्याच्या आरात रोडगे लावा, वांग्याची भाजी करा, पोट्टे ब्रेडचं नाव नाही काढत.

वऱ्हाडची_सून
दादा, रोडगे दर चंपाषष्ठीला होतातच 😄 पोट्टे खातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ब्रेड मागतात.

मावशी, माप लिहून घेतलं. पण मैदाच का? कणकेचा नाहीच होत का?

शेगावची_मावशी
होतो, पण पहिला नको. ब्रेड फुगतो तो गव्हातल्या ग्लुटेनच्या जाळीमुळे. यीस्टने सोडलेला वायू त्या जाळीत अडकतो. कणकेतला कोंडा ती जाळी जागोजागी कापतो, म्हणून कणकेचा ब्रेड बसका होतो. मैद्यावर हात बसला की अर्धा मैदा अर्धी कणीक, मग पुढे.

नागपूरची_पोर
मावशींशी थोडं भांडते. आम्ही घरी कणकेचाच करतो, मैदा आणत नाही. लंबी रोटीचं पीठ भिजवताना पाहिलंय ना? गव्हाचंच पीठ, पण चाळलेलं, पाणी भरपूर, आणि आपटून आपटून इतकं लवचिक करतात की हातावर पदरासारखं लांबतं. तीच तर ती जाळी! म्हणजे गहू नाही म्हणत नाही, मेहनत पाहिजे.

ताई, पुरणपोळीसाठी सपीठ काढता तसं बारीक चाळणीने किंवा कापडाने कणीक चाळा. २५० ग्रॅमला पाणी १८० ते १९० मिली लागेल. पाणी घालून नुसतं कालवा आणि वीस मिनिटं झाकून ठेवा, कोंडा भिजला की कमी कापतो. मग यीस्ट, मीठ, तेल घालून मळा. पिठाचा गोळा दोन्ही हातांनी ताणला तर फाटण्याआधी पातळ पडदा धरला पाहिजे.

एक मात्र पाहा, गहू लोकवनच आहे ना? बन्सी असेल तर शेवया करा. तो कडक असतो, पण त्याचं पीठ ताणलं की तुटतं.

शेगावची_मावशी
सपिठाचं बरोबर आहे, ते मला सुचलं नाही. तरी पहिला मैद्याचा हे माझं म्हणणं कायम. शिकताना एका वेळी एकच गोष्ट बिघडावी, म्हणजे काय बिघडलं ते कळते.

वऱ्हाडची_सून
पटलं. झाला हे कसं ओळखायचं? आणि टिकेल किती?

पांढरकवडा_मास्तर
डब्यातून काढून बुडाला टिचकी मारा, पोकळ आवाज आला पाहिजे. बद्द आवाज आला तर आणखी सात-आठ मिनिटं. आणि पोरांनी कितीही गलका केला तरी तासभर सुरी लावू नका. आत वाफ असते, गरम कापला की गिचगोळा होतो आणि लोकांना वाटते कच्चा राहिला.

टिकण्याचं म्हणाल तर यात बुरशी अडवणारं काही नसते. मे महिन्यात दोन दिवस धरा, पावसाळ्यात दीडच. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका, तिथे तो बाहेरपेक्षा लवकर कडक होतो. कापून फ्रीजरमध्ये ठेवा आणि लागेल तसा सरळ तव्यावर भाजा.

वऱ्हाडची_सून
यीस्ट दर्यापुरात मिळेल?

नागपूरची_पोर
केकचं सामान ठेवणाऱ्या दुकानात विचारा, नाहीतर अमरावतीला कुणी जात असेल त्याला सांगा. लहान पुडी घ्या, अर्ध्या किलोचं पाकीट स्वस्त पडते पण एकट्या घराला संपत नाही. तारीख पाहा, आणि काचेसमोर उन्हात ठेवलेलं घेऊ नका. उघडल्यावर हवाबंद डबीत घालून फ्रीजरमध्ये. लाईट चार तास गेली तरी त्याला काही होत नाही.

कास्तकार_अकोट
बरं, जमला तर फोटो टाकजा ताई. आमच्या घरची बी विचारून राहिली.