एडीएचडीची गोळी, डब्याआधीचं इन्सुलिन आणि तसाच परत येणारा डबा

मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. सहाव्या वर्षी टाइप १ डायबेटिस निघाला. त्याची घडी बसतेय तोवर यंदा जूनमध्ये एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) निदान झालं आणि मेथिलफेनिडेट सुरू झालं, दिवसभर अंमल राहणारी गोळी. गुण आलाय यात वाद नाही. वह्या पूर्ण असतात, बाईंचे फोन थांबलेत.

अडलंय ते डब्यावर. सकाळी सातला गोळी, साडेबाराला डब्याची सुट्टी आणि नेमकी तेव्हाच भूक मेलेली. इन्सुलिन मात्र जेवणाआधी पंधरा मिनिटं. मागच्या मंगळवारी पेनने ४ युनिट घेतलं, पोळीच्या गुंडाळीचा एक घास खाल्ला आणि डबा बंद. दीडला हात थरथरायला लागले, बाकावरच्या मुलावर खेकसला. बाईंना वाटलं, नेहमीचंच. त्यांना दोष देत नाही, गोळीनेही धडधड आणि चिडचिड होते, मलाही ओळखू आलं नसतं. मीटरवर साखर ५४, म्हणजे फारच खाली! दप्तरात ग्लुकोज पावडर होती म्हणून निभावलं.

रात्री उलटं. गोळी उतरली की वरणभात, परत भात, मग लाडूचा डबा शोधणं. झोपताना साखर चढून २६०-२८०. शिवाय दोन महिन्यांत वजन किलोभर उतरलंय.

साखरेचे डॉक्टर म्हणतात गोळीचं एडीएचडीच्या डॉक्टरांना विचारा, ते म्हणतात इन्सुलिनचं साखरेच्या डॉक्टरांना. मध्ये मी. डोस मनाने बदलणार नाही, पुढच्या आठवड्यात दोघांकडे जायचंय. त्याआधी तुमचे अनुभव हवेत.

जेवून झाल्यावर, खाल्लं तेवढ्याचंच इन्सुलिन घ्या असं कुणाला सांगितलंय का? शाळेत ते मोजतं कोण? गोळीआधीचा नाश्ता भरपेट केला (थालीपीठ, अंडं) तर दुपारचं भागतं? अ‍ॅटोमॉक्सेटिनवर (एडीएचडीचंच दुसरं औषध) कुणाचं मूल आहे का? भूक त्यानेही कमी होते म्हणे. रविवारी गोळीला सुट्टी देत असाल तर त्या दिवशीच्या इन्सुलिनचं काय करता?

सासूबाईंच्या मते दोन्ही बंद करून कारल्याचा रस द्यावा. तो सल्ला घरीच मिळतोय, तेवढा सोडून काहीही सांगा.

आणि हो, सेन्सर (अंगावर लावून साखर सतत मोजणारा, फोनवर दाखवणारा) लावायचा विचार आहे, पण शाळेत मुलांना मोबाइल चालत नाही. तुमच्याकडे अलार्म कुणाच्या फोनवर वाजतो?