मदत हवी आहे: शिशाच्या क्षारात सल्फेट 'सापडतंय'

नमस्कार मंडळी. मी नागपुरात, महाल भागात बारावीच्या मुलांचे रसायनशास्त्राचे प्रॅक्टिकल घेते. काल एका मुलीला ओळखायला लेड नायट्रेट दिलं होतं. तिने द्रावणात विरल नायट्रिक आम्ल घातलं, मग सल्फेट तपासायला बेरियम क्लोराइड; सल्फेट असेल तर बेरियम सल्फेटचा पांढरा साका पडतो. पांढराशुभ्र अवक्षेप (न विरघळणारा साका) आला आणि तिने वहीत सल्फेट लिहिलं. पायऱ्या तिच्या सगळ्या बरोबर होत्या, त्यामुळे चूक म्हणताना मला फार वाईट वाटलं.

माझ्या मते तो अवक्षेप लेड क्लोराइडचा. शिसं अभिकर्मकातल्या, म्हणजे घातलेल्या बेरियम क्लोराइडमधल्या, क्लोराइडलाच धरतं. शिवाय सल्फेट असतं तर लेड सल्फेट पाण्यात विरघळलंच नसतं, स्वच्छ द्रावण मिळालं कुठून? नंतर आम्ही नळी तापवली. बराचसा साका विरघळला, थंड झाल्यावर सुईसारखे चकचकीत स्फटिक उतरले. मुलं बघतच राहिली! लेड क्लोराइड गार पाण्यात लिटरला साधारण 10 ग्रॅम विरघळतं, उकळत्या पाण्यात 33. बेरियम सल्फेट तापवूनही तसंच राहतं.

आता विचारायचं ते असं: परीक्षेत फक्त तापवून बघणं पुरेसं मानाल का, की क्लोराइड नसलेलं बेरियम नायट्रेटच वापरायला लावू? बर्डीवर दोन दुकानांत ते मिळालं नाही, नागपुरात कुठे मिळेल? आणि शिशाचं उरलेलं द्रावण तुम्ही कसं साठवता, कुणाकडे देता? बेसिनमध्ये ओतायला माझा जीव होत नाही. सध्या झाकणाच्या बरणीत ठेवलंय.